भाव पडला की बाजार, चढला की दिल्ली

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. वर कांद्याच्या ढिगाचा फोटो, खाली लांबलचक मजकूर. म्हणणं थोडक्यात असं: कांद्याचा भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो, शेती हा राज्याचा विषय आहे, निर्यात होते जेमतेम आठ-दहा टक्के, वर नाफेड (केंद्रासाठी शेतमाल घेणारी सहकारी संस्था) खरेदी करतंच. तेव्हा दिल्लीच्या नावाने बोटं मोडू नका, परवडत नसेल तर दुसरं पीक घ्या. यावेळी तो पुण्यातल्या आतेभावाने टाकला आणि खाली चार अंगठे आले. त्यातला एक निफाडहून, म्हणजे नाशिकच्या कांदापट्ट्यातून आला, म्हणून हे लिहायला बसलो.

'शेती राज्याचा विषय.' अर्धंच खरं आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती राज्यसूचीत आहे, बाजारही आहेत. पण परदेशी व्यापार आणि निर्यात शुल्क संघसूचीत आहेत, आणि खाद्यपदार्थांचा व्यापार-पुरवठा समवर्ती सूचीत. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ त्यावरच उभा आहे. म्हणजे रोप लावा, खुरपा, काढा, लासलगावच्या कांदा बाजारात न्या, इथपर्यंत राज्य. बंदरातून माल बाहेर जाणार की नाही, हे केंद्र ठरवतं. त्यासाठी आधी संसदेत चर्चा लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

ती कशी निघते ते बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवायचाच नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून थेट बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत, मग बेमुदत. २०१९ च्या बंदीसोबत तर व्यापाऱ्याने किती माल ठेवायचा हेही ठरवून दिलं होतं: घाऊकवाल्याने ५०० क्विंटल. लासलगावात खरेदी करणाऱ्याला विचारा, ५०० क्विंटल म्हणजे तीन-चार ट्रक. एका दिवसाची खरेदी तेवढी होते. मर्यादा भरली की तो लिलावात बोली लावतच नाही, आणि ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस रांगेत उभा राहतो.

राज्याच्या वाट्याला उरते मलमपट्टी. २०२३ मध्ये फेब्रुवारी-मार्चात विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद आहे का, म्हणून लोकांनी तलाठ्याचे उंबरे झिजवले ते वेगळंच.

आता 'आठ-दहा टक्क्यांनी काय फरक पडतो?' हा मुद्दा ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो. आकडा बरोबर आहे: २०२२-२३ मध्ये देशात ३०० लाख टनांच्या आसपास कांदा पिकला आणि २५ लाख टन बाहेर गेला. पण आठवड्याला दोन किलो कांदा लागणारं घर भाव उतरला म्हणून चार किलो खात नाही. बाहेर जाणारा माल अडला की तो त्याच बाजारात परत येतो आणि तिथे आधीच असलेल्या मालाचाही भाव घेऊन खाली बसतो. फटका आठ टक्क्यांना बसत नाही, सगळ्या ढिगाला बसतो.

त्यात डिसेंबरची बंदी आली तेव्हा बाजारात कोणता कांदा होता? लाल. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो, भाव नसेल तर माणूस थांबू शकतो. लाल कांदा थांबत नाही. काढला की पंधरा दिवसांत विकायचा, नाहीतर मोड येतात, सड लागते. बंदीआधी लासलगावला चार हजारांच्या आसपास असलेला क्विंटलचा भाव महिना संपायच्या आत निम्म्यावर आला. मेसेज लिहिणाऱ्याने तेव्हा 'साठेबाज शेतकरी' असाही एक शेरा मारला होता. लाल कांद्याची साठेबाजी करून दाखवणाऱ्याचा मी स्वतः सत्कार करीन.

गिऱ्हाईक जातं ते वेगळं. बांगलादेश आपला मोठा ग्राहक. २०१९ च्या बंदीनंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा व्यासपीठावरून हसत म्हणाल्या होत्या की, तुम्ही न सांगता कांदा बंद केलात, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलं. हसण्यावारी गेलं, पण असा दोनदा-तीनदा उपाशी ठेवलेला ग्राहक दुसरं दुकान शोधतोच.

'भाव बाजार ठरवतो' यातलं खरं आधी मान्य करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलच्या वर कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन उरलेले. तेव्हा बंदी नव्हती, शुल्क नव्हतं. तो भाव बाजारानेच पाडला होता. पण मग तोच बाजार ऑगस्टमध्ये भाव वर न्यायला लागला, तेव्हा चार दिवसही त्याला का चालू दिलं नाही? फेब्रुवारीचा तोटा ज्याने सोसला, त्यालाच ऑगस्टचा नफा मिळायचा होता. माझं भांडण एवढ्यावरच आहे. बाजार म्हणायचं तर दोन्ही बाजूंनी म्हणा.

'नाफेड घेतंच की.' घेतं, पण कशासाठी? ही हमीभावाची खरेदी नाही. कांद्याला हमीभावच नाही. हा पैसा येतो किंमत स्थिरीकरण निधीतून, आणि तो निधी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आहे, कृषी खात्याकडे नाही. २०२३ मध्ये शुल्काविरुद्ध नाशिकच्या बाजार समित्या बंद पडल्यावर क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन घेण्याची घोषणा झाली. पुढे राखीव साठ्यातला कांदा शहरांत २५ रुपये किलोने विकला. २०२४ च्या ऑक्टोबरात तर तो रेल्वेने भरून नाशिकहून दिल्लीला नेला. म्हणजे आमच्याकडून घेतलेला कांदा आमचाच भाव उतरवायला वापरला जातो. ग्राहकाच्या बाजूने ती योजना ठीक असेल, शेतकऱ्याची मदत म्हणून मोजू नका.

शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा मिळावा, याला माझा विरोध नाही. सरकारने स्वतःच्या तिजोरीतून सवलत द्यावी. निर्यात अडवून दिलेल्या सवलतीचं बिल चांदवड-येवल्याच्या कांदा उत्पादकाकडे येतं.

आणि हे सगळं पिकाचं गणित बघून होतं, असंही समजू नका. एप्रिल २०२४ च्या अखेरीस आधी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली, इकडे ओरड झाल्यावर दोन दिवसांत सहा देशांसाठी ९९,१५० टनांची यादी निघाली, आणि ४ मे रोजी बंदी उठली, ४० टक्के शुल्क तसंच ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे रोजी होतं. दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या, दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्रीच हरल्या. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

राहिलं 'दुसरं पीक घ्या'. तूर घेतली तर २०२१ मध्ये तिची आयात खुली झाली, २०२३ मध्ये तिच्यावरचं आयात शुल्कही गेलं. सोयाबीन घेतलं तर कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क कधी शून्य, कधी २० टक्के, कधी १०. पाणी असेल तर ऊस लावा म्हणतात. कांद्याच्या बंदीची अधिसूचना निघाली ७ डिसेंबर २०२३ रोजी. उसाच्या रसापासून इथेनॉल करायला कारखान्यांना मनाई करणारा केंद्राचा आदेशही त्याच दिवशीचा आहे.