चार टाइलवर शहर वसवलं तर गुदमरतं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार, आणि इतकं मन लावून लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. 'छान लेख' म्हणून पुढे जाणाऱ्यांपेक्षा असे भांडणारे वाचक मला जास्त आवडतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, माझ्या आधीच्या लेखावर या वाचकांचं म्हणणं असं की सिव्ह सिक्समध्ये (सिव्हिलायझेशन ६, पाळीपाळीने खेळायचा साम्राज्य उभारणीचा कॉम्प्युटर गेम) एकमेकांपासून चार-चार टाइलवर (टाइल म्हणजे मॅपवरचं षटकोनी घर) शहरं वसवायचा माझा सल्ला चुकीचा आहे, शहराभोवतीच्या तीन रिंगांची सगळी जागा मिळाली नाही तर शहर गुदमरतं, पाणी नसलेल्या जागी वसवणं म्हणजे सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) वाया घालवणं, पहिल्या टर्नला (पाळीला) जागा सोडून हलणं हा शुद्ध तोटा, आणि लॉयल्टीचा (शहराची आपल्याशी निष्ठा, ती संपली की शहर हातातून जातं) तर मी विचारच केलेला नाही.

आधी जागेचं बघू, कारण खरा वाद तिथेच आहे.

शहराच्या मध्याभोवती तीन रिंगांत ३६ टाइल येतात हे बरोबर. पण एक नागरिक एकच टाइल कसतो, म्हणजे दहा लोकसंख्येचं शहर फार तर दहा टाइल वापरणार, त्यात काही टाइल डिस्ट्रिक्टनी (शहराच्या खास कामांच्या विभागांनी) खाल्लेल्या, काही वंडरनी (जगप्रसिद्ध वास्तूंनी). उरलेली जमीन आपल्या सीमेत आहे एवढंच, तिच्यातून काही येत नाही. वीस-पंचवीस लोकसंख्येपर्यंत पोचायचं म्हणाल तर तोवर गेमचा निकाल बहुतेक लागलेला असतो. आणि वाढ दर पायरीला महाग होत जाते, एकावरून दोनवर जायला १५ अन्न लागतं, दहावरून अकरावर जायला शंभराच्या वर. म्हणजे मोठ्या शहरातला पुढचा माणूस हा सगळ्यात महागडा माणूस.

आता हे बघा. १२ लोकसंख्येच्या एका शहराला चार स्पेशल्टी डिस्ट्रिक्ट मिळतात (१, ४, ७, १० अशा टप्प्यांवर), आणि तेच बारा लोक चार-चार करून तीन शहरांत असतील तर प्रत्येकी दोन, म्हणजे सहा. अमेनिटी (लोकांना खूश ठेवणाऱ्या सोयी) त्या एका शहराला ५ लागतात, तीन लहान शहरांना १-१ करून ३. तीन मार्केट म्हणजे तीन ट्रेड रूट (व्यापारी मार्ग), एका शहरात मार्केट आणि लाइटहाउस दोन्ही बांधलीत तरी रूट एकच. हे सगळं मी लेखात घाईघाईत लिहिलं नव्हतं, प्रत्येक गेममध्ये ते डोळ्यांसमोर दिसतं. सेटलर फुकट येत नाही हे मला मान्य आहे, एक लोकसंख्या जाते आणि पुढचा सेटलर आधीच्यापेक्षा महाग होतो, पण तरीही तो खर्च सुरुवातीच्या काळात वसूल होतो, उशिरा नाही, आणि म्हणूनच तर मी 'लवकर आणि जवळ' म्हणतो.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सिव्ह फाइव्हपासून खेळताय. मला वाटतं खरी गोम तिथे आहे. फाइव्हमध्ये प्रत्येक नव्या शहरामागे ३ अनहॅपिनेस पडायचा, ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या एक्स्पान्शननंतर तर टेक्नॉलॉजीची किंमतही शहरागणिक वाढायची, आणि ट्रॅडिशन या धोरणाचे फायदे पहिल्या चार शहरांना, त्यामुळे चार मोठी, ऐसपैस शहरं हेच तिथलं शहाणपण होतं आणि तुमचा हात तसा बसला यात नवल नाही. सिव्ह फोरमध्येही जास्त शहरं म्हणजे मेंटेनन्सचा बोजा. सिक्सने हा दंड जवळपास काढूनच टाकला. नियम बदलला की चांगल्या जागेची व्याख्याही बदलते, मग आपण जुन्या नजरेने मॅप बघत राहिलो तर उत्तम जागा समोर असून दिसत नाही.

आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मी एका शहराची जागा शोधतच नाही, मी तीन-चार शहरांची मिळून जागा शोधतो. एका शहराचा पाणी आणणारा अ‍ॅक्विडक्ट, शेजारच्याचा अ‍ॅक्विडक्ट, नदीवर पूरमैदान असेल तर डॅम, आणि यांच्या मधोमध दोन्ही शहरांचे इंडस्ट्रियल झोन (उत्पादनाचे डिस्ट्रिक्ट) एकमेकांना चिकटून. गॅदरिंग स्टॉर्म एक्स्पान्शनमध्ये झोनला प्रत्येक अ‍ॅक्विडक्ट आणि प्रत्येक डॅमचे +२ प्रॉडक्शन मिळतात, आणि हे डिस्ट्रिक्ट कुठल्या शहराचे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फॅक्टरीचा फायदा सहा टाइलपर्यंतच्या शहरांना पोचतो. हे जमवायचं तर शहरं जवळच हवीत, सात-आठ टाइलवर ठेवलीत तर प्रत्येकाने आपापलं बघायचं. पहिलं शहर वसवतानाच दुसऱ्याचा अ‍ॅक्विडक्ट कुठे येणार हे मी मॅपवर पिन लावून ठरवतो, मला या गेममध्ये सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट तीच आहे. तुम्ही त्याला 'एक्सेल शीट खेळणं' म्हणालात. मला नाही तसं वाटत. डोंगर, नदी, किनारा यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे वाचणं म्हणजेच तर जमीन वाचणं.

अपवाद आहेत. पेट्रा हे वंडर बांधायचं असेल तर त्या शहराला वाळवंटाच्या जेवढ्या टाइल मिळतील तेवढ्या हव्यात, कारण पेट्राचा फायदा त्या एकाच शहराला. भरपूर वंडर बांधायची राजधानी असेल तर तिलाही एक बाजू मोकळी सोडावी. नॅशनल पार्कला चार टाइलचा (पत्त्यांतल्या चौकटसारखा) आकार एकाच शहराच्या हद्दीत लागतो. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पाण्याचं. सेटलर निवडला की गडद हिरव्या (गोड्या पाण्याजवळच्या) दिसतात त्याच जागा घ्यायच्या असं तुम्ही म्हणता. गोड्या पाण्याला हाउसिंग (किती लोक नीट राहू शकतात ती मर्यादा) ५, समुद्राकाठी ३, कोरड्या जागी २, आणि हाउसिंग लोकसंख्येच्या जवळ आलं की वाढ आधी निम्मी आणि मग पाव होते, म्हणून राजधानीसाठी मी कधीच कोरडी जागा घेणार नाही. पण चौथ्या-पाचव्या शहरासाठी हिशेब बदलतो. अ‍ॅक्विडक्टला नदीच लागते असं नाही, डोंगरही चालतो, आणि कोरड्या शहराला तो थेट ६ हाउसिंगपर्यंत नेतो. नदीकाठच्या शहराला अ‍ॅक्विडक्टने ७ होतात. म्हणजे इंजिनिअरिंग हे तंत्रज्ञान आल्यावर दोघांत फरक उरला एकाचा! शिवाय ग्रॅनरीचे (धान्यकोठाराचे) २ दोघांनाही. डोंगरापासून बरोब्बर दोन टाइलवर, अ‍ॅक्विडक्टला मधली टाइल मोकळी, आणि त्याच डोंगररांगेला चिकटून +३-+४ चा कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) मिळत असेल तर ती राखाडी (कोरडी) जागा मी हिरव्या जागेच्या आधी घेईन.

पहिल्या टर्नचं लगेच सांगतो. राजवाड्याचे २ प्रॉडक्शन, शहराच्या मध्याचा १, पहिला नागरिक २ आणतोय असं धरू, झाले ५. मध्य प्लेन्स हिलवर (मैदानी टेकडीवर) असेल तर ६. एक टर्न चालत गेलात तर साधारण ५ प्रॉडक्शन गमावलं आणि ते पुढच्या पाच टर्नमध्ये भरून निघालं, त्यानंतर गेम संपेपर्यंत फायदाच. तीन-तीन टर्न भटकणं मात्र मलाही पटत नाही, तसं मी लिहिलेलंही नव्हतं.

आता लॉयल्टी. मुद्दा अगदी रास्त, पण तो तुमच्याविरुद्ध जातो. राइझ अँड फॉल एक्स्पान्शनपासून नऊ टाइलच्या आतला प्रत्येक नागरिक आजूबाजूच्या शहरांवर दबाव टाकतो आणि दर टाइलमागे तो दहा टक्क्यांनी कमी होतो. चार टाइलवरच्या शहरापर्यंत तुमच्या राजधानीचा ६०% दबाव पोचतो, आठ टाइलवरच्या शहरापर्यंत २०%. तिप्पट फरक! जवळजवळची शहरं एकमेकांना धरून ठेवतात, लांबचं एकटं शहर शेजाऱ्याच्या लोकसंख्येपुढे टिकत नाही.

तुमच्या गेममध्ये नेमकं हेच झालंय. तुम्ही लोखंडासाठी राजधानीपासून आठ टाइलवर पूर्वेला शहर वसवलंत, पलीकडे शेजाऱ्याची मोठी शहरं, आणि ते फ्री सिटी (कोणाच्याही ताब्यात नसलेलं शहर) होऊन गेलं. लोखंड त्या शहराच्या अलीकडे, राजधानीच्या दिशेने दोन टाइलवर होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग तेच शहर चार टाइलवर वसवलं असतं तरी लोखंड दुसऱ्या रिंगमध्ये आलं असतं, हद्द पोचेपर्यंत थांबवत नसेल तर टाइल सोन्याने विकत घेता आली असती, आणि तिथे गव्हर्नर (राज्यपाल) बसवला की वर +८ लॉयल्टी. त्या टर्नच्या आधीचा सेव्ह अजून असेल तर हे एकदा करून बघा, आणि दुसरं शहर उत्तरेच्या डोंगरांकडे न्या, पूर्वेला नंतर. काय होतं ते इथे नक्की लिहा, मला खरंच बघायचंय.