नऊ पंखे लावा म्हणे!

उन्हाळा लागला की पीसी जोडणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरायला लागतो. थोडक्यात असा: कॅबिनेटमध्ये, म्हणजे पीसीच्या डब्यात, पंख्याची एकही जागा रिकामी सोडू नका, नऊ बसत असतील तर नऊ लावा. गरम हवा वर जाते, म्हणून वरचे सगळे पंखे एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर फेकणारे, ठेवा. हवा आत घेणाऱ्यांपेक्षा बाहेर फेकणारे पंखे जास्त हवेत, म्हणजे उष्णतेबरोबर धूळही निघून जाते. एवढं करून भागलं नाही तर बाजूची काच काढा आणि टेबल फॅन लावा. ऐकायला चारही गोष्टी पटतात. जशीच्या तशी खरी मात्र एकही नाही, आणि पहिली तर थेट खिशाला चाट लावते.

तेव्हा आधी तिचाच हिशेब करू. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॅट उष्णता टाकतायत असं धरा. एक घनमीटर हवा एका अंशानं तापायला साधारण १२०० ज्यूल लागतात. म्हणजे मागून बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनी गरम असावी असं वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा फिरली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावरच्या भाषेत हे झाले ७० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ७० घनफूट. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्यावर ५०-६० सीएफएम लिहिलेलं असतं. तो आकडा मोकळ्यावर मोजलेला, जाळी आणि फिल्टर मध्ये आले की बराच उतरतो. तरी समोर दोन आणि मागे एक असे तीन बरे पंखे या कामाला पुरतात. आता आणखी पंखे लावून हवा दुप्पट केलीत, तर १० अंशांचे ५ होतील. पुन्हा दुप्पट केलीत तर अडीच. दर खेपेला खर्च दुप्पट आणि पदरात निम्मं. आवाज वाढतो तो वेगळाच.

हाही हिशेब हवेला आत यायला वाट असेल तरच जुळतो. सध्या दुकानात दिमाखात मांडलेली कितीतरी कॅबिनेट बघा. समोर अखंड काच, तिच्यामागे तीन आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे, पंखे झगमगतायत, आणि हवा यायला कडेला जेमतेम बोटभर फट. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या घट्ट लावून एक्झॉस्ट फॅन चालू करावा, तशी त्या पंख्यांची गत होते. फिरतात जोरात, हवा हलत नाही. नऊ पंख्यांच्या पैशात समोर नुसती जाळी असलेलं कॅबिनेट आणि तीन धड पंखे येतात, आणि मी कोणालाही तेच सांगेन.

गरम हवा वर जाते हे शाळेतलं वाक्य खरंच आहे. प्रश्न किती जोरानं जाते हा आहे. ४५ सेंटिमीटर उंच डब्यात आतली हवा १० अंशांनी गरम असली, तर तिला वर ढकलणारा दाब भरतो ०.२ पास्कलसुद्धा नाही. साधा पंखा पूर्ण वेगात १० ते २० पास्कल दाब देऊ शकतो. त्यामुळे हवेनं कुठं जायचं ते पंखा ठरवतो. वर एक्झॉस्ट लावायला हरकत नाही, पण मागच्या बाजूला. वरच्या झाकणावर अगदी पुढच्या टोकाला लावलेला एक्झॉस्ट समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आतच बाहेर फेकतो. ती जागा रिकामी राहिली तर उत्तम. वर लिक्विड कूलरचा रेडिएटर, म्हणजे त्यातलं गरम पाणी थंड करणारी जाळी, असेल तर गोष्ट वेगळी.

धुळीचा मुद्दा तर साफ उलटा आहे. बाहेर फेकणारे पंखे जास्त झाले की उरलेली हवा कॅबिनेट मिळेल त्या फटीतून ओढतं. मागच्या स्लॉटांच्या, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचांच्या, जाळ्या, पत्र्याचे सांधे, यूएसबीच्या कडा, आणि तिथं कुठेच फिल्टर नसतो. घरीच बघायचं असेल तर पंखे चालू ठेवून मागच्या स्लॉटांपाशी उदबत्ती धरा. धूर आत खेचला गेला तर धूळही तिथूनच जातेय. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा, आणि तीही फिल्टरमधून. मात्र मग धूळ येतच नाही, हा आत घेणारे पंखे जास्त ठेवा म्हणणाऱ्यांचा दावाही खरा नाही. ती फिल्टरवर बसते, फिल्टर चोंदला की आत येणारी हवा घटते आणि गाडी पुन्हा मूळ पदावर. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी फिल्टर धुवा, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. उदबत्ती हातात आहे तोवर पंख्यांची दिशाही तपासून घ्या: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. आरजीबीच्या मोहात उलटे बसलेले पंखे हा नेहमीचा घोळ आहे.

काच काढण्याचा सल्ला उपाय म्हणून टाकाऊ, पण चाचणी म्हणून चांगला. काच काढल्यावर ग्राफिक्स कार्ड ८-१० अंशांनी उतरलं तर समोरची वाट बंद आहे, रोग तिथं आहे. एखाद-दोन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे, काच परत लावा. कायमची उघडी ठेवलीत तर धूळ सरळ मदरबोर्डवर बसेल.

राहता राहिला खोलीचा उन्हाळा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ४० अंशांवर असेल, तर कुठलीही मांडणी आतली हवा त्याखाली नेऊ शकत नाही. शिवाय प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा बघून घाबरायचंही कारण नाही. एएमडी कंपनीचे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेतानं बनवलेत, हे कंपनीनंच सांगितलंय. पंखे घ्यायच्या आधी कॉम्प्युटर टेबलाचा तो दाराचा कप्पा बघा. पीसीचा अख्खा डबा त्यात कोंबलेला असतो, मागे भिंत, वर फळी. मागून फेकलेली गरम हवा फिरून पुढून आत येते. डबा कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आणि मग तापमान मोजा.