दगडी क्रॉस ‘नव्यासारखा’ करायला जाऊ नका

नोव्हेंबरमधला युद्धस्मृतिदिन जवळ आला की इंग्लंडमधल्या गावांना उद्देशून एक सल्ला फिरू लागतो: गावातला युद्धस्मारकाचा जुना दगडी क्रॉस प्रेशर वॉशरने धुवा, डागांवर ब्लीच मारा, फटी सिमेंटने भरा, वरून सीलर म्हणजे पाणी अडवणारा लेप लावा, स्मारक नव्यासारखं होईल. हेतू चांगलाच आहे, पण यातली प्रत्येक पायरी दगडाच्या मुळावर येते.

आधी हे क्रॉस काय आहेत ते पाहू. त्यातले कित्येक मध्ययुगीन आहेत. मूर्तिपूजेची चिन्हं पाडण्याच्या 1643 च्या संसदीय आदेशानंतर अनेकांचे माथे फोडले गेले, खाली पायऱ्या आणि खांब रोवायचा खाचेचा दगड तेवढा उरला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1918 नंतर, गावांनी त्यावरच नवा खांब, नवा माथा बसवला आणि युद्धात गेलेल्यांची नावं कोरली. म्हणजे एकाच स्मारकात दोन काळांचे, कधी दोन जातींचे दगड असतात. सगळ्यांना एकच उपाय चालेल हे गृहीतकच चूक आहे.

‘पाण्याने काय होणार?’ घरगुती यंत्राचा दाबही 100 बारच्या वर जातो. चुनखडीचा मुरलेला वरचा थर त्याने उडतो, आतला खरखरीत भाग उघडा पडतो आणि शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरतं. शिशाची अक्षरं असतील तर धोका आणखी मोठा. कोरलेल्या अक्षरात बारीक भोकं पाडून त्यात शिसं ठोकून बसवलेलं असतं. फवारा त्यामागे शिरला की अक्षर सुटतं, आणि सुटतं ते कुणाच्या तरी नावातलं.

‘ब्लीचने जंतू मरतात.’ मरतात, पण क्षार दगडात उरतात. ते छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. अ‍ॅसिड तर चुनखडी सरळ विरघळवतं. तारेच्या ब्रशचे तुकडे दगडात अडकून गंजतात.

सगळ्यात जास्त नुकसान सिमेंट करतं, कारण ते मजबूत वाटतं. भिजलेला क्रॉस दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, वाळायला हवा. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल दगडातून बाहेर पडते, थंडीत गोठते आणि दरजेच्या कडेचा दगड फुटतो. शिवाय जुन्या सांध्यात लोखंडी खिळ असेल तर कोंडलेल्या ओलीने ती गंजून फुगते आणि खांब उभा चिरतो. अशी खिळ काढून स्टेनलेस स्टीलची बसवणं हे अनुभवी पाथरवटाचंच काम. दरज तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल, हाताने मोकळी करावी. मग ती भरायला एक भाग नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा चुना) आणि अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवावं, आणि भरलेल्या दरजा काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात. म्हणूनच नोव्हेंबरच्या तोंडावरची घाई इथे अंगाशी येते.

सीलर ओल आतच कोंडतो, तो नकोच.

मग करायचं काय? साधं पाणी, मऊ ब्रश, लाकडी खरवडणी, आणि आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर चाचणी. दगडफूल सहसा राहू द्यावं. खरवडताना त्याखालचा दगडही निघतो. पावसाआड राहिलेल्या भागावरचा काळा कठीण थर बहुधा जिप्समचा असतो. तो तज्ज्ञांवर सोडावा.

‘आपल्याच गावाचं स्मारक, परवानगी कशाला?’ संरक्षित पुरातन स्मारकाच्या यादीतल्या क्रॉसवर विनापरवाना काम करणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. चर्चच्या आवारातल्या क्रॉससाठी चर्चची वेगळी मंजुरी लागते. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था सल्ला देते, तिला आधी विचारावं.

महाराष्ट्रातल्या काही गावांत ‘1914-1919’ कोरलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. संगमरवरही रासायनिकदृष्ट्या चुनखडीच, त्यामुळे तिथेही फरशी पुसायचं अ‍ॅसिड वापरू नये आणि पाटीवर ऑइलपेंट फासू नये.