आत्या अडकलेली नाही

परवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुलतभावानं लिहिलं की आत्याचा आत्मा अडकलाय. का, तर तिला जाळलं नाही, पुरलं. दहावं नाही, पिंड नाही, कावळा शिवायचा प्रश्नच नाही, आणि म्हणूनच म्हणे यंदा घरात एकेक अडचणी निघायल्यात. त्यावर पुतण्यानं ठोकून दिलं की मेल्यावर काही नसतं, राख नाहीतर माती, बंद करा हे. मग दिवसभर तेच. मी इकडं जर्मनीत श्टुटगार्टला मीटिंगांच्या मधेमधे वाचत होतो आणि डोकं तापत होतं. शेवटी दोन ओळी टाकल्या तर लगेच उत्तर आलं, "तू तिकडं बसून काय शिकवालास आम्हाला?"

शिकवत नाही. पण आत्या माझीपण होती.

खानापूर तालुक्यातल्या मराठा घरातली पोर, लग्न केलं बैलहोंगलच्या लिंगायत घरात, स्वतःच्या मर्जीनं, आणि त्यासाठी माहेरचा अबोला सोसला. दीक्षाही घेतली. सुट्टीत तिच्याकडं गेलो की सकाळी बघायचो, अंघोळ करून कपाळाला विभूती ओढायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात ते लहानसं लिंग, काढून डाव्या तळव्यावर ठेवायची, पाणी घालायची, बेलाचं पान वाहायची आणि मग कितीतरी वेळ हात डोळ्यांसमोर धरून नुसती बघत बसायची, आम्ही पोरं कितीबी दंगा करूदे. हीच बाई आषाढीला उपास धरायची, कारण आमच्या आजोबांची वारी होती. तिला त्यात काही अडचण वाटली नाही आणि तिच्या सासरच्यांनाही नाही.

ती गेली तेव्हा तिला पद्मासनात बसवून विमानातनं, म्हणजे सजवलेल्या पालखीतनं नेलं, हातात लिंग, अंगाला विभूती. तिला हेच पाहिजे होतं. तिनं जे मानलं त्यात मेलेला माणूस लिंगैक्य होतो, शिवात मिसळतो, मागं काही भटकत राहत नाही. बसवण्णांनी, म्हणजे महात्मा बसवेश्वरांनी, आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी बाराव्या शतकात पाचही सुतकं नाकारली, जन्माचं, मरणाचं, जातीचं, पाळीचं, उष्ट्याचं. जिथं मरणाचा विटाळच मानत नाहीत तिथली बाई कावळ्याची वाट बघत कशाला थांबेल?

आणि आपल्या भागात हे नवीन आहे काय? बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीत शेजारी जैन होते. त्यांच्यात जीव देह सोडला की क्षणात दुसरा जन्म घेतो, त्यामुळं पिंड, श्राद्ध काही नाही. निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर, त्यांनी १९५५ ला कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी सोडून, देह ठेवला, त्यांचं नाव आमच्या घरीही हात जोडून घेतलं जायचं. गल्लीच्या टोकाला मुसलमानांची घरं, त्यांचा मेलेला माणूस कयामतीपर्यंत कबरीत थांबलेला. आपण बारावं-तेरावं घालणारे. चार घरांची चार उत्तरं आणि चारही मयतांना गल्ली जायची. आपण १९५६ पासून सीमेवरनं भांडतोय, पाट्यांवरनं भांडतोय, भाषेवरनं दगड पडलेत, पण तुमचा मेलेला पोचला नाही असं दुसऱ्याच्या दारात जाऊन कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आता ते ग्रुपवर म्हणायला लागलोय, तेही आपल्याच आत्याबद्दल.

पुतण्यालाही सांगायचंय. काही मानत नसशील तर मानू नको, त्यालाही बेळगावात जागा आहे. इथले राजकारणी सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढत आलेत, भुताखेतांची भीती जावी म्हणून. २०१० ला बेळगावच्या आयुर्वेद कॉलेजात एका डॉक्टरनं स्वतःच्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं, कारण वडिलांची इच्छाच तशी होती. असल्या न मानण्यापुढं मी वाकतो. पण आत्याला जाऊन वर्ष नाही झालं आणि तिच्या पोरीला "राख नाहीतर माती" असं लिहायचं, ह्यात कसली आली बुद्धी.

इथं बघा, इथं हा वादच नाही. आमच्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुठल्याच चर्चात नसलेले सगळे एकाच कुंपणात. २०१४ पासून मुसलमानांना आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात शवपेटीशिवाय कफनात पुरायची कायद्यानं मुभा आहे. आलरहायलिगनला, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला, लोक येतात, लाल दिवे लावतात, पानं झाडतात, घरी जातात. कोण कुठं गेला हे कुणी कुणाला विचारत नाही. हे सुसंस्कृतपण आपल्याकडं यायला पाहिजे असं मी कितीतरी वेळा म्हटलंय आणि अजूनही म्हणतो.

पण ऑफिसातला माझा जुना सहकारी गेला तेव्हा मी गेलो होतो. अस्थींचा कलश मातीत ठेवला, पाद्री नव्हता, एकानं भाषण वाचलं, मग कॅफेत कॉफी आणि हेफेत्सोप्फ, म्हणजे वेणीसारखा गोड पाव. माझ्या तोंडावर आलं होतं, आता तो कुठं असेल हो? विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. येताना बाजूच्या ओळीत एका दगडावर स्टिकर दिसला, मुदत संपली आहे, कार्यालयाशी संपर्क साधावा. वीसेक वर्षांचा करार, पुढं पैसे भरले नाहीत तर दगड काढणार. तिथं उभा राहून मी हिशोब करत होतो की माझे पैसे कोण भरेल, आणि पोरीनं का भरावेत, तिला उद्या कॅनडात नोकरी लागली तर.

तेव्हा कळलं की मला अजून ते पाहिजे आहे, कोणीतरी कावळ्याची वाट बघत बसलेलं, कोणीतरी रागानं म्हणणारं की ह्याचं काहीतरी राहिलंय बघा. माझा विश्वास आहे की माणसाचं काहीतरी राहतं. किती आणि कुठं ते मला माहीत नाही, पण चुलतभावाचा राग मला इतका लागला त्याचं कारण हेच, की तोपण तेच मानतो, फक्त आत्याला तिची वाट देत नाही.

आजोबांच्या अस्थी खानापूरला मलप्रभेत सोडल्या होत्या. कणकुंबीला उगम पावते ती नदी सौंदत्तीवरनं पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिथंच बसवण्णांचं ऐक्यस्थळ आहे. आजोबा विठ्ठलाचे, आत्या बसवण्णांची. नदीला ह्यात काही अडलेलं नाही.

मी माझं ठरवलंय. इथंच दहन, आणि अस्थी खानापूरला. परदेशी न्यायच्या तर कलशाबरोबर कागद लागतात, ते बेस्टाटरकडून, म्हणजे अंत्यविधी करून देणाऱ्याकडून, विचारून घेतलेत. पोरीला सांगितलंय, आणि चुलतभावाला ग्रुपवर नाही, वेगळं लिहिलंय: माझं दहावं तूच घाल, तुझ्या पद्धतीनं घाल, खर्च मी ठेवून जातो. पण आत्याबद्दल काही करायचं मनात असेल तर आधी बैलहोंगलला फोन करून तिच्या पोरीला विचार.