हातवारे, आरसा आणि मागे राहिलेला गडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

मनाली–लेह रस्त्यावर मोटारसायकलींच्या गटाने आपापसांत संपर्क कसा ठेवावा, या माझ्या लेखावर ‘एक जुना रायडर’ अशा सहीने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आठ-दहा जणांच्या गटाने साध्या ब्लूटूथ इंटरकॉमऐवजी (हेल्मेटमध्ये बसवून चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलण्याचा संच) मेश पद्धतीचा, म्हणजे सगळे संच जाळ्यासारखे जोडणारा इंटरकॉम घ्यावा, असे मी लेखात सुचवले होते. त्यावर आपण लिहिता, “इंटरकॉम ही शहरी पोरांची हौस आहे; खऱ्या रायडरला डावा हात आणि आरसा पुरतो.” त्याखेरीज मला संच फुकट मिळाला असावा असा तर्क आपण केला आहे, मी लिहिलेल्या १.६ किलोमीटरच्या पल्ल्याबद्दल शंका घेतली आहे आणि इंटरकॉमऐवजी सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे असा सल्लाही दिला आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. इंटरकॉम नको असे आपण साध्या शब्दांत म्हटले असते, तर मी दोन ओळींत उत्तर देऊन थांबलो असतो. परंतु ‘पोरे’, ‘हौस’, ‘खरा रायडर’ हे शब्द युक्तिवादाचे नाहीत, समोरच्याला गप्प बसवण्याचे आहेत. कोण खरा आणि कोण खोटा हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, ते आपण लिहिलेले नाही. मी एक्कावन्न वर्षांचा आहे, साताऱ्यात एका तांत्रिक विद्यालयात शिकवतो आणि २००४ साली पहिल्यांदा लेहला गेलो तेव्हा माझ्याकडे कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट होती, खिशात मोबाइल नव्हता, आणि घरी खुशाली कळवण्यासाठी केलाँगच्या एसटीडी बूथवर मी तासभर रांगेत उभा राहिलो होतो. तेव्हापासून २०१७ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, मी डाव्या हातावर आणि आरशावरच गट चालवला. हातवाऱ्यांविषयी मला कोणी शिकवावे अशी वेळ अजून आलेली नाही.

आणि तेरा वर्षे ते वापरले म्हणूनच सांगतो, की हाताची खूण फक्त पुढून मागे जाते. पुढचा गडी खड्डा दाखवतो, थांबायची खूण करतो, एका रांगेत या म्हणून बोट वर करतो आणि मागचे ते पाहतात. मागच्या गड्याला पुढे काही सांगायचे असेल, तर त्याच्या हाताचा काडीचाही उपयोग नसतो. त्याच्यासाठी उरतो तो पुढच्याचा आरसा. ‘आपल्या मागचा दिवा दिसेनासा झाला की थांबायचे’ हा नियम उत्तम आहे, आम्ही तो काटेकोरपणे पाळत होतो, आणि तरीही तो एके दिवशी फसला.

जुलै २०१७ ची गोष्ट. आम्ही आठ जण होतो. जिस्पाहून निघताना पंक्चरने दोन तास खाल्ले, त्यामुळे झिंगझिंगबारच्या पुढे बारालाचा खिंडीच्या चढावर पोचेपर्यंत दुपार उलटली होती. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेले नाल्याचे पाणी गुडघ्याच्या वर येते, हे आपल्याला ठाऊक असेलच. मी शेवटून दुसरा होतो आणि माझ्या मागे, स्वीप म्हणून, म्हणजे कोणी मागे सुटू नये म्हणून सर्वांत शेवटी राहणारा, माझा एक सहकारी. मी नाला ओलांडला, पुढचा चढ घेतला, आरशात पाहिले, तर मागे दिवा होता. बुलेटच्या आरशात दिवा कसा दिसतो? इंजिनाच्या थरथरीने पसरलेला एक पिवळा डाग, याहून जास्त काही नाही. तो डाग दुसऱ्याच एका गटातल्या गाडीचा होता. माझा सहकारी तेव्हा नाल्यात पडलेला होता, गाडी त्याच्या पायावर होती, आणि बर्फाच्या पाण्यात बसून तो माझ्या नावाने ओरडत होता. मला ते कळायला पंचवीस मिनिटे लागली, कारण ती दुसरी गाडी मला मागे टाकून पुढे गेली तेव्हाच मी थांबलो. मागे वळून पोचलो तोवर दोन ट्रकचालकांनी त्याला बाहेर काढून ब्लँकेटात गुंडाळले होते. घोटा मोडला होता. त्यांच्याच ट्रकमधून त्याला केलाँगला परत नेले.

तो पडला तेव्हा मी तीनशे मीटरवर होतो; माझ्या कानात त्याचा एक शब्द जरी आला असता, तरी पुरे होते. आपण ज्याला हौस म्हणता ती एवढीच आहे.

यानंतर पुढच्या वर्षी आम्ही ब्लूटूथचे संच घेतले. त्यांच्या साखळीत प्रत्येक संच पुढच्याशी आणि मागच्याशीच जोडलेला असतो, त्यामुळे मधला एक जण फोटोसाठी रेंगाळला की मागचे सगळे तुटतात, आणि मागचे तुटणे हेच तर आम्हाला टाळायचे होते. मेशमध्ये आवाक्यातले सर्व संच एकमेकांशी जोडलेले राहतात, एकाचा आवाज दुसऱ्यामार्फत पुढे जातो आणि वळणावरचा गडी आपोआप दुवा होतो. मेशची शिफारस मी एवढ्याच कारणासाठी केली होती आणि ते कारण लेखात लिहिलेलेही आहे. आपण लेख शेवटपर्यंत वाचला असता तर बरे झाले असते.

पल्ल्याबद्दल मात्र आपले म्हणणे मला मान्य आहे. दोन गाड्यांमधील १.६ किलोमीटर हा आकडा मोकळ्या, सरळ दृष्टीच्या जागेसाठीचा आहे आणि मी तो डोंगराळ रस्त्याच्या संदर्भात तसाच लिहायला नको होता. गाटा लूप्स या घाटाच्या २१ वळणांवर खालचा आणि वरचा रस्ता एकमेकांना दिसतो, तिथे आवाज स्वच्छ येतो. परंतु लाचुंग ला ही खिंड उतरून पांगकडे जाणाऱ्या अरुंद घळीत दोन वळणांतच तो तुटतो. तिथे आम्ही वळणावर एक गडी थांबवून ठेवतो.

संच फुकट मिळाल्याचा आरोप करताना आपल्याला काहीच कसे वाटले नाही, हे मला समजत नाही. माझा संच मी पगारातून, सहा हप्त्यांत घेतला आहे. याहून अधिक खुलासा मी करणार नाही.

सॅटेलाइट मेसेंजरचा विषय एका वाक्यात संपतो: दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असे यंत्र बाळगणे भारतात गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणाने अडवले गेले होते.

पल्ल्याचे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. येत्या जुलैत आम्ही पुन्हा निघतो आहोत आणि स्वीप म्हणून तोच सहकारी येणार आहे. त्याने या वेळी हेल्मेटमधला माइक स्वतः बसवून घेतला, फोमची टोपी ओठांच्या अगदी समोर येते की नाही हे तीनदा पाहिले, आणि जाड हातमोजे घालून बटण दाबता येते याची अंगणात खात्री करून घेतली. त्याला शहरी पोर म्हणायचे असेल, तर ते आपण त्याला समक्ष भेटून म्हणावे.