‘सम्राट होता, मनात आणलं असतं तर…’ नाही, तसं नव्हतं

‘सेरेनेड ऑफ पीसफुल जॉय’ ही 69 भागांची चिनी मालिका एप्रिल 2020मध्ये हूनान टीव्हीवर सुरू झाली आणि सबटायटल्समुळे चीनबाहेरही पोचली. अकराव्या शतकातला सोंग घराण्याचा सम्राट रेनझोंग (वांग काई) आणि सम्राज्ञी त्साओ (ज्यांग शूयिंग) यांचा संसार हा तिचा गाभा. तिच्याबद्दल एक मत सारखं पुढे ढकललं जातं. ते थोडक्यात असं: ही मुळात रडकी संसारकथा आहे. नवऱ्याला बायको आवडत नव्हती, तिने मुकाट्याने सोसलं, झांग नावाच्या सवतीने कारस्थानं केली. मंत्र्यांची भांडणं वेळ भरायला घातली आहेत. आणि तो सम्राटच होता, मनात आणलं असतं तर एका दिवसात सगळं सुटलं असतं.

हे मत मालिकेवर अन्याय करतं आणि इतिहासावरही. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करायला हवी, कारण बाकीच्या चुका त्यातूनच उगवतात.

‘मनात आणलं असतं तर’

सोंग दरबारात सम्राटाची इच्छा म्हणजे हुकूम नव्हे. इच्छा आधी काही शब्दांच्या टिपणातून मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायची. तो तिला आज्ञापत्राचं रूप द्यायचा, मग प्रधानांच्या कचेरीतून ती बाहेर पडायची. शिवाय चूक दाखवणं हीच ज्यांची नोकरी, असे दोन स्वतंत्र गट होते: एक अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारा, दुसरा खुद्द सम्राटाला टोकणारा. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडू शकायची. 1040च्या दशकाच्या सुरुवातीला फू बी मसुदे लिहीत असताना सम्राटाने एका बाईची काढून घेतलेली मानाची पदवी परत द्यायला सांगितलं. फू बीने मसुदा लिहिलाच नाही, टिपण परत पाठवलं. टिपण असं परत करण्याची चाल त्याच्यापासून पडली. एका बाईची पदवी जिथे अडते, तिथे राणी बदलणं म्हणजे काय ते ओळखावं.

सर्वात बोलका दाखला झांगच्या चुलत्याचा. नात्यातला हा चुलता, झांग याओझुओ, त्याला 1050मध्ये सम्राटाने एकदम चार मोठी पदं दिली. सम्राटाला टोकणाऱ्या गटातल्या बाओ झेंग आणि त्याच्या सोबत्यांनी अर्जांचा मारा सुरू केला. देखरेख खात्याच्या प्रमुखाने दरबार संपल्यावर मंत्र्यांना थांबवून घेऊन सगळ्यांदेखत वाद घातला. शेवटी चारातली दोन पदं सोडावी लागली. बाओ झेंग बोलता बोलता इतका तापला की त्याची थुंकी सम्राटाच्या तोंडावर उडाली, अशी आठवण सोंग काळातल्या एका टिपणवहीत आहे. आत गेल्यावर सम्राटाने तोंड पुसत झांगला सुनावलं, तुला पद हवं एवढंच कळतं, तिथे बाओ झेंग बसलाय हे कळत नाही का. हा प्रसंग अक्षरशः घडला की नाही यावर वाद घालता येईल, पदं गेली यावर नाही. आवडत्या राणीच्या माणसाला नोकरी देताना ज्याची ही गत होते, तो ‘मनात आणून’ काय सोडवणार होता?

‘त्याला ती आवडतच नव्हती’

इथे मालिकेच्या सुरुवातीचे भाग घाईने पाहिल्याचा परिणाम दिसतो. रेनझोंग 1022मध्ये गादीवर आला तेव्हा लहान होता, कारभार राजमाता ल्यूच्या हाती. पहिली पत्नी गुओ तिने निवडली. 1033मध्ये ल्यू वारली तेव्हा त्याला कळलं की ती आपली जन्मदात्री नव्हती. खरी आई, ली नावाची उपराणी, आदल्याच वर्षी गेली होती. 1033च्याच शेवटी अंतःपुरातल्या भांडणात गुओने उपराणीवर उगारलेला हात मध्ये पडलेल्या सम्राटाच्या मानेवर बसला.

‘बायको नावडती’ म्हणणाऱ्यांसाठी इथेच खरा धडा आहे. वळ सम्राटाच्या मानेवर होता, पण गुओला घालवण्यात पुढाकार प्रधान ल्यू यीज्येनचा. राजमाता ल्यूची माणसं काढायची चर्चा चालू असताना गुओ सहज बोलून गेली होती की यीज्येनही त्यांतलाच, फक्त चतुर. त्या वाक्यापायी त्याचं प्रधानपद काही काळ गेलं होतं, आणि एका खोज्याने ते त्याच्या कानावर घातलं होतं. त्याच खोज्याच्या सल्ल्याने सम्राटाने वळ प्रधानाला दाखवला. मग राणीला काढू नये म्हणून देखरेख खात्याचा प्रमुख कोंग दाओफू आणि सम्राटाला टोकणाऱ्या गटातला फान झोंगयान दहाएक अधिकाऱ्यांसह दरवाजापाशी लोटांगण घालून बसले. दार उघडलं नाही, कोंगने पितळी कडी आपटली. दुसऱ्या दिवशी दोघांची राजधानीबाहेर रवानगी. नवरा-बायकोचं भांडण, आणि त्यात एका प्रधानाचा सूड फिटला व देशातल्या दोन सर्वात सरळ माणसांची बदली झाली.

पुढच्या वर्षी सम्राटाच्या मनात चहाच्या व्यापाऱ्याची मुलगी, चेन, होती. मंत्र्यांनी कूळ हलकं म्हणून ती परत पाठवायला लावली. मग 1034च्या शरदात त्साओ आली, सोंग राज्य उभारणाऱ्या सेनापती त्साओ बिनची नात. आता सम्राटाच्या जागी उभं राहून पाहावं. पहिली बायको राजमातेने दिली, आवडलेली मुलगी दरबाराने नाकारली, तिसरी दरबाराने पसंत केली, तीही सेनापतीच्या घरची. आणि सोंग घराण्याचा मूळ पुरुष स्वतः सेनापती होता, 960मध्ये सैन्याच्या जोरावर गादीवर बसलेला. त्यामुळे लष्करी घराण्यांबद्दलची धास्ती या घराण्याच्या रक्तातच होती. मालिकेतली त्साओ फान झोंगयानला गुरुस्थानी मानते, राज्यशास्त्र वाचते, नवऱ्याच्या चुका बरोबर ओळखते. म्हणजे दिवसभर दरबारात जे ऐकायचं तेच रात्री घरी. तो तिच्यापासून दूर राहतो ते ती नावडती म्हणून नव्हे, तिच्यात त्याला दरबार दिसतो म्हणून. मालिकेतला प्रणय नेमका या गाठीवर उभा आहे, आणि वांग काईने ती नजर चुकवण्यातून दाखवली आहे. रडकथा म्हणून पाहणाऱ्याला हे दिसतच नाही.

‘तिने मुकाट्याने सोसलं’

हा आरोप मला सर्वात जास्त खुपतो. 1048ची रात्र घ्या. त्या वर्षी पहिला महिना अधिक होता, म्हणून सम्राटाला दुसऱ्या पौर्णिमेलाही दिव्यांचा उत्सव करायचा होता. त्साओने विरोध केला. तीन दिवसांनी राजवाड्याच्या पहाऱ्यातले काही शिपाई बंड करून छपरांवरून शयनगृहापर्यंत पोचले. त्या रात्री तिथे त्साओ होती.

सम्राट बाहेर धावायला निघाला. तिने दार लावून घेतलं, त्याला धरून ठेवलं आणि खोज्यांच्या प्रमुखाला शिपाई घेऊन बोलावलं. बाहेर किंकाळ्या उठल्या तेव्हा एक खोजा म्हणाला, दाई कुणा पोरीला मारतेय. तिने त्याला झापलं: बंडखोर शेजारी माणसं मारताहेत आणि तू काय बरळतोस. बंडखोर आग लावणार हे ओळखून तिने माणसांना पाणी घेऊन मागावर पाठवलं, आणि खरोखरच पडदे पेटवले गेले तेव्हा पाणी हाताशी होतं. लढायला निघालेल्या प्रत्येक खोज्याच्या केसांची बट तिने स्वतः कापली. उद्या बक्षीस ही खूण पाहून मिळेल असं सांगितलं. अंधारात, गोंधळात, कोण लढलं आणि कोण लपलं याचा हिशेब ठेवायची याहून सोपी युक्ती कुठली?

पुढे एका शिपायाशी संबंध असलेली दासी सापडली. तिने आवडत्या उपराणीमार्फत माफी मिळवली. त्साओ दरबारी पोशाख करून सम्राटापुढे उभी राहिली, कायद्याप्रमाणे शिक्षा मागितली आणि ती होईपर्यंत हटली नाही. हे कठोर आहे, मान्य. मुकं मात्र नाही.

आणि या रात्रीचं श्रेय कुणाला मिळालं? झांग सम्राटाकडे धावली, म्हणून तिने रक्षण केलं अशी टूम शिया सोंग नावाच्या मंत्र्याने काढली. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने तर बंडाचं मूळ सम्राज्ञीच्या महालापाशी असल्याचं सुचवून चौकशी मागितली. सम्राटाने याबद्दल देखरेख खात्यातल्या ‘हे तान’ नावाच्या अधिकाऱ्याला विचारलं. त्याने हा दुष्टांचा डाव असल्याचं स्पष्ट सांगितलं, म्हणून त्साओ वाचली. त्याच वर्षी झांग गुइफेई, म्हणजे सम्राज्ञीच्या खालोखालची राणी झाली. तिचं पदवीपत्र लिहिणाऱ्या सोंग चीने समारंभाची वाट न पाहता ते थेट पाठवलं. तिने ते जमिनीवर फेकलं आणि त्याची बदली झाली.

‘खलनायिका सवत’

यावर फार शब्द खर्चायला नकोत. झांगचा हट्ट मालिकेत आहे, इतिहासातही आहे. पण तिच्यामागे कोण रांगेत उभं आहे ते पाहावं. 1051मध्ये देखरेख खात्यातल्या तांग ज्येने प्रधान वेन यानबोवर उघड आरोप केला की याने सिचुआनचं दिव्यांच्या नक्षीचं रेशमी कापड झांगला पोचवून पद मिळवलं. तांग ज्ये हद्दपार झाला, वेन यानबोचंही पद गेलं, आणि तांग वाटेत मरू नये म्हणून सम्राटाने सोबत माणूस दिला. सवतीच्या कारस्थानाने हे घडत नाही. बढतीची वाट अंतःपुरातून जाते असा समज झाला की घडतं. झांगने एकदा बाहेर जाण्यासाठी सम्राज्ञीचं छत्र मागितलं. त्साओने सहज दिलं. सम्राटानेच अडवलं: मानचिन्हांना क्रम असतो, हे घेऊन निघालीस तर बाहेरचा दरबार तुला सोडणार नाही. 1054मध्ये ती वारली तेव्हा त्साओ हयात असताना त्याने तिला मरणोत्तर सम्राज्ञीपद दिलं. लष्करी खात्याचा उपप्रमुख सुन म्येन याला सनद वाचायला सांगितली, तर तो म्हणाला, सुन म्येन म्हणून वाचेन, या पदावरचा माणूस म्हणून नाही. आणि सनद ठेवून निघून गेला. प्रधानाने ती उचलून वाचली.

‘राजकन्येचा भाग वेगळीच प्रेमकथा’

उलट आहे. मालिका ज्या कादंबरीवर बेतली तिचा केंद्रबिंदू राजकन्या ह्वेईरोउ आणि खोजा ल्यांग ह्वाईजी हाच आहे. मालिकेने सम्राट-सम्राज्ञीला मध्यभागी आणलं, म्हणून शेवटचे भाग जोडल्यासारखे वाटतात. ही तक्रार रास्त आहे, मधले काही भाग रेंगाळतात हीसुद्धा. पण विषय तोच राहतो. आईचं ऋण फेडायचं म्हणून रेनझोंगने 1057मध्ये मुलगी आपल्या मामाच्या मुलाला, ली वेईला दिली. पश्चात्ताप बापाचा, किंमत पोरीची. 1060मध्ये सासूशी भांडून ती रात्री राजवाड्याच्या दारावर आली आणि दार उघडलं गेलं. रात्री दार उघडायला लेखी आज्ञा आणि जुळणाऱ्या मुद्रेचे दोन अर्धे लागत. ते पाळलं नाही म्हणून दरबार उठला. माहेरी आलेली लेक हा सुरक्षेचा भंग ठरला. 1062मध्ये सम्राटाला टोकणाऱ्या गटातल्या सीमा ग्वांगच्या आग्रहानंतर तिचा दर्जा उतरवला गेला. 1070मध्ये ती वारली, तिशी नुकतीच उलटली होती.

पाहताना एक लक्षात ठेवावं. सबटायटलमध्ये ती जन्मदात्रीला ‘ताई’ म्हणते, ते भाषांतर चुकलेलं नाही. सोंग राजघराण्यात आई म्हणायचा मान सम्राज्ञीचा. उपराणीची मुलं स्वतःच्या आईला ताई म्हणत. नातंसुद्धा पदाला चिकटलेलं.

‘त्साओच्या पदरी काहीच पडलं नाही’

रेनझोंगचे तिन्ही मुलगे बालपणीच गेले. पण 1035मध्येच राजघराण्यातला, चिनी मोजणीने चार वर्षांचा झाओ झोंगशी त्साओच्या हाती वाढायला आला होता. मुलगा जन्मला म्हणून 1039मध्ये त्याला परत पाठवलं. त्साओची भाची गाओ ताओताओ हीसुद्धा वाड्यातच वाढली. 1047मध्ये दोघांचं लग्न झालं, तेव्हा लोक म्हणू लागले की सम्राट सून आणतोय आणि सम्राज्ञी लेक देतेय. 1062मध्ये झोंगशी दत्तक वारस झाला आणि 1063मध्ये सम्राट. नवा सम्राट आजारी, म्हणून त्साओ पडद्याआड बसून कारभार पाहू लागली. 1064मध्ये प्रधान हान चीने आधी नव्या सम्राटाचे दहाएक निर्णय तिला दाखवून ते योग्य असल्याचं तिच्याकडून कबूल करून घेतलं, मग स्वतः निवृत्त व्हायची भाषा केली. आपणच निवृत्त व्हायला हवं, असं ती म्हणाली. हान चीने तिथल्या तिथे मोठ्याने पडदा काढायचा हुकूम दिला. पडदा उतरला तेव्हा मागच्या आडोशामागे आत जाणाऱ्या त्साओच्या वस्त्राची कड अजून दिसत होती.