आइस्क्रीम कंपनीने नाही, तुमच्या कूलरने बिघडवलंय

बॉस्टनच्या आपल्या मराठी ग्रुपवर सकाळपासून वॉटरबरी ट्रिपचं, म्हणजे व्हरमाँटमधल्या बेन अँड जेरीज आइस्क्रीमच्या फॅक्टरीला जाऊन आल्याचं, रडगाणं चालू आहे. "ड्राइव्ह मस्त, टूर बोअर, आणि घरी आणलेले पिंट (अर्ध्या लिटरच्या आसपासचे डबे) म्हणजे नुसता कचकचीत बर्फ. बेन अँड जेरीज पूर्वीसारखं राहिलं नाही." सोबत फोटोंचा रतीब, सगळे टेकडीवरच्या फ्लेवर ग्रेव्हयार्डमधले. बंद पडलेल्या चवींच्या थडग्यांपुढे खुशाल सेल्फी काढा हो, पण आय-93, मग आय-89 करत तीन तास गाडी हाकलीत ती फॅक्टरी बघायलाच ना?

आणि तो उघडलेल्या पिंटचा फोटो! आइस्क्रीम काठापासून दोन बोटं खाली बसलेलं, वर पांढरा बर्फाचा थर, कडेला चिकट पाक. हा पिंट वाटेत वितळला आणि घरच्या फ्रीजरमध्ये पुन्हा गोठला, हे फोटोवरूनच कळतं. खाली का बसलं? हवा निघून गेली म्हणून. आइस्क्रीममध्ये हवा असतेच. अमेरिकेच्या नियमाने 10 टक्के दुधाचं फॅट लागतं आणि गॅलनला, म्हणजे आठ पिंटांना, किमान साडेचार पौंड वजन, म्हणजे पिंटला साधारण 255 ग्रॅम. त्याहून जड पिंट म्हणजे हवा कमी, माल जास्त. दुकानात पिंटावरचे ग्रॅम वाचायची सवय लावून घ्या, जाहिरात वाचून काही कळत नाही.

टूर बोअर झाली कारण आइस्क्रीम बनवायची लाइन बंद होती. वीकेंडला ती चालू असेलच असं नाही. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि उत्पादन कुठल्या दिवशी असतं तेही विचारून घ्या. ऑक्टोबरात रंगलेली पानं बघणाऱ्यांची झुंबड असते, तेव्हा तर आयत्या वेळी जाऊच नका. चालू लाइन वरून काचेतून दिसते. तिथे मुलांना फ्रीजर, म्हणजे आइस्क्रीम गोठवणारं यंत्र, दाखवा. त्याआधी दूध-साखरेचं मिक्स पाश्चराइझ होतं, दाबाखाली होमोजनाइझ होतं (फॅटचे थेंब बारीक होतात) आणि 4 अंशाच्या आसपास काही तास मुरतं. मग अमोनियाने गार केलेल्या नळकांड्यात शिरतं. आतली पाती भिंतीवर धरलेला बर्फ सतत खरवडतात आणि त्याच वेळी हवा मिसळते. मिनिटभरात उणे 5-6 अंशांचं मऊ आइस्क्रीम बाहेर पडतं. तेव्हा त्यातलं जेमतेम निम्मं पाणी गोठलेलं असतं. मग त्यात चॉकलेट-कुकीचे वगैरे तुकडे पडतात. ते एवढे मोठे का, तर कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी बेन कोहेनला वास जवळजवळ येत नाही, म्हणून त्याला दाताखाली काहीतरी लागायला हवं होतं. उरलेलं पाणी गोठतं हार्डनिंग टनेलमध्ये, उणे 30-40 अंशांच्या वाऱ्यात. जितकं झटपट गोठेल तितके बर्फाचे कण बारीक. कण 50 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या) वर गेले की जिभेला कळतात. घरचा फ्रीजर वितळलेला पिंट तासन्‌तास रेंगाळत गोठवतो, मग कण मोठे होणारच. एवढी खटपट करून बनवलेली गोष्ट तुम्ही डिकीत साध्या बर्फावर ठेवलीत! साधा बर्फ शून्य अंशाला, आणि आइस्क्रीम शून्याला आख्खं वितळलेलं असतं. कूलर कितीही भारीतला असू द्या.

हो, 2000 साली युनिलिव्हरने कंपनी घेतली, 2025 मध्ये दुसरा संस्थापक जेरी ग्रीनफिल्डही बाहेर पडला, आणि पिंट स्वस्त नाही. मान्य. पण त्या फोटोतल्या पिंटशी याचा काडीचा संबंध नाही.

असो, चिडून काय करायचं. मुलं हिरमुसली असतील, तेच वाईट वाटतं. पुढच्या वेळी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) न्या, काही सुपरमार्केटमध्ये मिळतो. तो उणे 78 अंशांचा असतो. उघड्या हाताने धरू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून पिंटांच्या वर ठेवा, खाली नाही, कारण गार हवा खाली उतरते. मधल्या फटी कागदाने भरा. तीन तासांना अडीच-तीन किलो पुरे. झाकण घट्ट लावू नका आणि गाडीची काच थोडी उघडी ठेवा. त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो, बंद गाडीत ते जिवावर बेतू शकतं.

ड्राय आइस नाही मिळाला? तीन भाग बर्फाला एक भाग खडेमीठ. उणे 15च्या खाली सहज जातं, नीट मिसळलं तर उणे 20पर्यंतही. गच्चीवर लाकडी पॉट फिरवताना आपल्या आया-मावश्या हेच तर करायच्या, आणि आपण मात्र शंभर डॉलरच्या कूलरवर विसंबून! पिंट आधी पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर खारट पाणी आत शिरेल.

घरी आल्यावर फ्रीजरच्या दारात नको, मागे तळाशी ठेवा. दार उघडलं की तिथे सगळ्यात कमी फरक पडतो. खायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं खालच्या फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्हवाल्यांनी कमेंट करू नये.